पाचव्या पाठाचं शून्य

अपघात टाळायला आम्ही पोस्टाने शिकवतो, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे नीट बघायचे आणि मग विचारायचे, "पोहायलाही शिकवता का?" एसटीत, चहाच्या टपरीवर, पोस्टाच्या खिडकीपाशी, सगळीकडे हाच विनोद. पहिल्या वर्षी राग यायचा. नंतर मीच तो आधी सांगून मोकळा व्हायला लागलो, म्हणजे पुढचं बोलायला वाट व्हायची.

काम असं होतं. मुंबईची एक संस्था कारखान्यांत नोकरी करणाऱ्या माणसांसाठी सुरक्षा पर्यवेक्षकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवायची. पाळी सोडून कुणाला शिकायला येता येत नाही, म्हणून पाठ पोस्टाने यायचे. एकूण आठ पाठ, प्रत्येकाच्या शेवटी दहा प्रश्न. उत्तरं लिहून पाठवायची, ती मुंबईला तपासली जायची आणि लाल शाईत न्हाऊन परत यायची. शिवाय महिन्यातून दोन रविवारी वर्ग, एक जळगावला आणि एक धुळ्याला. तिथे चौधरी सर शिकवायचे. ते एरवी आयटीआयमध्ये मास्तर. मी त्यांचा केंद्र सहायक. पार्सलं फोडायची, पत्ते घालायचे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पाठवायचे आणि रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन जायचा, कारण काही व्याख्यानं मुंबईहून कॅसेटवर यायची. दुसऱ्या हातात एक किटबॅग. तिच्यात हेल्मेट, हातमोजे, गॉगल, कानात घालायच्या बुचांची डबी आणि एक मोठं कुलूप. कुलूप कशाला ते पुढे सांगतो.

धुळ्याचा वर्ग एका प्राथमिक शाळेत भरायचा. पन्नाशीचे बॉयलरवाले, फिटर, मुकादम दुसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे. फळ्यावर शनिवारचे पाढे असायचे. ते पुसताना चौधरी सर म्हणायचे, "सतरा नव्वे कोण सांगतो?" आणि अख्खा वर्ग खाली बघायचा. मीसुद्धा.

विद्यार्थी एकेक नमुना होते. तेलाच्या गिरणीतल्या एका बॉयलरवाल्याच्या उत्तरपत्रिका गोल, सुंदर, मुलीच्या अक्षरात यायच्या. विचारलं तर म्हणाला, "मी बोलतो, पोरगी लिहिते. मध्ये मध्ये ती मला खोडते." भुसावळचे रेल्वेतले एक आबा होते. पहिल्याच रविवारी ते उठून उभे राहिले आणि माझ्या टेपरेकॉर्डरच्या वायरीकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, वर्ग सुरक्षेचा आणि वायर उघडी?" सगळे हसले. मी तिथल्या तिथे चिकटपट्टी गुंडाळली. पुढच्या वर्गाला येताना आबा नवी वायर घेऊन आले आणि स्वतः बसवून दिली. अशी माणसं होती. मी आजही त्यांचं देणं लागतो.

आता माझं. मी मूळचा चंदगडकडचा. भाताचा आणि काजूचा मुलूख. सातवीनंतर शाळा सुटली, पुढे एका नातेवाइकाच्या ओळखीने जळगावच्या एका पाइप कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. इथलं ऊन, इथली भाषा, इथलं तिखट, काहीच ओळखीचं नव्हतं. घरमालकीण अक्कांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी पहिल्यांदा ताटात घातली तेव्हा ती कशी मोडायची हेही मी त्यांच्याकडे बघून शिकलो. त्या वेळी हा अभ्यासक्रम नवा निघाला होता. कारखान्याने दोघांची नावं पाठवायचं ठरवलं, त्यात माझं घातलं. फॉर्मवर रकाना होता, शिक्षण. अट होती, दहावीपर्यंत. मी लिहिलं, "दहावी नापास."

सातवी शिकलेल्या माणसाला दहावी नापास म्हणजे केवढी बढती. पण त्या दोन शब्दांनी माझी सहा-सात वर्षांची झोप पातळ केली. मी पास झालो, चौधरी सरांनी मला केंद्रावर घेतलं, अंगावर स्वच्छ शर्ट आला, लोक सर म्हणायला लागले. आणि मुंबईचं प्रत्येक पाकीट फोडताना वाटायचं, यात माझा फॉर्म असणार.

नाना मला भेटले ते धुळ्याच्या वर्गात. धुळ्याजवळच्या गावचे, शेतकरी घरातले, जुनी मॅट्रिक झालेले, एका जिनिंग कारखान्यात मुकादम. वर्गात फारसं बोलायचे नाहीत. टोपी मांडीवर ठेवून ऐकायचे. चार पाठांत त्यांना बरे गुण होते. पाचव्या पाठाची उत्तरपत्रिका परत आली तेव्हा चौथ्या प्रश्नावर लाल शाईत भलं मोठं शून्य होतं आणि खाली लिहिलेलं, "अत्यंत धोकादायक उत्तर. पाठ पुन्हा वाचा." खाली सही, नाडकर्णी. हे आमचे परीक्षक. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, फक्त त्यांची शाई माहीत होती.

पाचवा पाठ यंत्रांचा. त्यातल्या चौथ्या प्रश्नात शून्य म्हणजे त्या विषयात नापास, आणि त्या विषयात नापास म्हणजे प्रमाणपत्र नाही, असा नियम होता. नियम वाईट नव्हता. प्रश्नच तसा होता: यंत्रात माल अडकल्यास तुम्ही काय कराल? पुस्तकातलं उत्तर साधं. यंत्राचा स्विच बंद करा, स्विचला कुलूप लावा, किल्ली आपल्या खिशात ठेवा, मगच हात घाला. म्हणजे तुमचा हात आत असताना दुसरा कुणी येऊन यंत्र सुरू करू शकत नाही. माझ्या किटबॅगेतलं कुलूप त्यासाठीच होतं. वर्गात मी ते सगळ्यांना हाताळायला द्यायचो.

नानांनी लिहिलं होतं, आणि मला ते अजून पाठ आहे: "आमच्या मशीनला स्विच नाही. चोवीस मशीन एका शाफ्टवर आहेत. अडकलं की मी पूर्ण शाफ्ट बंद करतो, तिन्ही फ्यूज काढून पिशवीत घालतो आणि पिशवी गळ्यात अडकवतो. मग बायांना हात घालू देतो. परंतु मुहूर्ताच्या दिवशी शाफ्ट बंद करण्याची आमच्याकडे पद्धत नाही. त्या दिवशी चालू मशीनमध्ये काठी घालून काढतो. काठी नाही पुरली तर हाताने. हे चुकीचे आहे."

वर्ग सुटल्यावर मी उत्तरपत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी शून्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमनी मशीनले स्विचच नही शे, भाऊ. बंद काय करू?"

"नाना, पुस्तकात होतं तेवढंच लिहायचं होतं."

"खोटं लिखं रहातं तर धा भेटतात?"

मी टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळायला लागलो. कारण भेटले असते. बाकी सगळ्या वर्गाला भेटले होते. त्या वर्गात जिनिंगमधले आणखी तिघं होते, त्यांच्या मशीनलाही स्विच नव्हता, आणि तिघांनीही स्विच बंद करून किल्ली खिशात घातली होती.

नाना म्हणाले, "त्या सायेबले सांगा, एकदाव इठे ईसन दखी जा म्हना."

साहेब येणार नव्हते, म्हणून पुढच्या महिन्यात धुळ्याच्या वर्गानंतर मीच गेलो. हंगाम चालू होता. जिनिंग न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. बोंडातून वेचलेल्या कापसात सरकी असते. ती सरकी वेगळी करून रुई काढायची, एवढंच काम. प्रत्येक मशीनमध्ये चामड्याचे दोन रोलर फिरतात. ते कापूस ओढतात, पोलादी पट्टी सरकीला अडवते, रुई पुढे येते, सरकी खाली गळते. मशीनच्या दोन ओळी, प्रत्येक मशीनपुढे कापूस घालणारी एक बाई. जमिनीखालून एक लांब लोखंडी शाफ्ट फिरतो आणि त्यावरून प्रत्येक मशीनला पट्टा गेलेला. मोटर एकच, वेगळ्या खोलीत. पिठाच्या चोवीस चक्क्या एकाच दोरीला बांधल्यासारखा कारभार. एका मशीनमध्ये ओला कापूस किंवा सुतळी अडकली तर ती एकच थांबवायची सोय नाही. थांबवायचं तर सगळंच थांबवायचं. आणि सगळं थांबवलं की बाहेर गाड्या लावून बसलेले शेतकरी आणि आत बसलेले शेठ, दोघंही ओरडणार. म्हणून बहुतेक ठिकाणी कुणी थांबवत नसे.

नाना थांबवायचे. माझ्यासमोर त्यांनी दोनदा थांबवलं. मोटरच्या खोलीतून चिनी मातीचे तीन फ्यूज काढून आणले, कापडी पिशवीत टाकले, पिशवी गळ्यात. "काढा," म्हणाले. बाया उठल्या, हात घातले, गुंता काढला. सगळ्या मागे सरल्या की नानांनी मोजल्या. मग फ्यूज परत. माझं पितळी कुलूप आणि नानांची पिशवी यांत काडीचा फरक नव्हता. उलट त्या पिशवीमागे चोवीस बायांची मोजदाद होती.

"मग मुहूर्तालाच का नाही?" मी विचारलं.

दसऱ्याला मशीनची पूजा होते. हार घातलेल्या पहिल्या गाडीचा कापूस आत घेतात आणि त्या कापसाची पहिली गाठ बांधून होईपर्यंत त्यांच्या कारखान्यात शाफ्ट थांबवत नसत. थांबला तर वर्षभर थांबत राहील, अशी समजूत. नानांनी नऊ नंबरच्या मशीनपुढच्या बाईकडे मान केली. "जनाक्काले इचारा."

जनाक्का साठीच्या आतबाहेर. तिने उजवा हात वर करून दाखवला. मधलं बोट अर्धं होतं. "दोन वरीस झाले. मुहूर्ताना दिन व्हता," ती म्हणाली आणि पुन्हा कापूस घालायला लागली.

नाना मोटरच्या स्टार्टरपासून चार हातांवर उभे होते त्या दिवशी. बंद करायला गेले तर चारजणांनी धरलं. नंतर त्यांनी शेठना सांगितलं, पुढच्या खेपेला मी थांबवणार. शेठ हसून सगळ्यांदेखत म्हणाले होते, "सुरक्षेचा कागद आणा, नाना. कागद आणलात तर मुहूर्तालासुद्धा तुमचा शब्द." म्हणून पन्नाशीत नानांनी फॉर्म भरला होता. शेठची थट्टा त्यांनी शब्दाला शब्द धरून ठेवली होती. आणि आता कागद मिळणार नव्हता, कारण त्यांनी खरं लिहिलं होतं.

जळगावच्या परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत मी ठरवलं होतं की फेरतपासणीचा अर्ज करायचा. एरंडोल येईपर्यंत माझा धीर सुटला होता. कारण त्या अर्जात केंद्राच्या माणसाने स्वतःचं नाव, शिक्षण आणि शिफारस लिहायची असते.

चौधरी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "गावडे, मी जिनिंग पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंत. तुम्हीच लिहा, मी खाली सही करतो."

मी माझी जुनी उत्तरपत्रिका शोधून काढली. तोच पाठ, तोच प्रश्न. मीही लिहिलं होतं, स्विच बंद करतो, कुलूप लावतो. दहापैकी दहा. बाजूला लाल शाईत "उत्तम." आणि त्या काळात मी कारखान्यात काय करत होतो? मोडक्या पाइपचे तुकडे दळायच्या यंत्रात अडकलेला तुकडा चालू यंत्रात हाताने ढकलत होतो. रोज. उत्तरपत्रिका टाकायला पोस्टात गेलो त्या दिवशीसुद्धा.

अर्ज तीनदा लिहिला. पहिल्या दोनदा नुसत्या नानांबद्दल लिहिलं, आणि वाचताना कळलं की यात मी स्वतः कुठेच नाही. तिसऱ्यांदा माझी उत्तरपत्रिका सोबत जोडली आणि लिहिलं: "या उत्तराला आपण दहा गुण दिले. ते लिहिणारा रोज चालू यंत्रात हात घालत होता. तो मी. नानांच्या उत्तराला शून्य आहे, पण त्यांच्याकडे रोज शाफ्ट बंद होतो." खाली शिक्षणाचा रकाना आला. खऱ्या उत्तरासाठी भांडायला निघालेल्या माणसाने तिथे पुन्हा दहावी नापास लिहायचं? मी लिहिलं, "सातवी पास. पूर्वीच्या फॉर्मवर दहावी नापास लिहिले होते, ते खोटे आहे."

पेटीत पाकीट टाकलं आणि हात पेटीच्या तोंडातच राहिला. पोस्टमन ओळखीचा. मागून म्हणाला, "सोडा आता, सर. मी काढतोच आहे थोड्या वेळाने."

पुढचे सहा आठवडे मी घरी पत्र लिहिलं नाही. आईला लिहायचं काय? अक्कांनी दोनदा विचारलं, जेवण कमी का झालं. मी उन्हावर ढकललं. उन्हानेही ते निमूट घेतलं, चैत्र होता.

उत्तर पत्राने आलं नाही. नाडकर्णी साहेब स्वतः आले. धुळ्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक बारीक, सावळे, दम लागलेले गृहस्थ येऊन बसले. मला वाटलं, कुणाचे तरी वडील. वर्ग सुटल्यावर त्यांनी पिशवीतून माझा अर्ज काढला तेव्हा माझ्या हातातून कॅसेटचा डबा खाली पडला.

"आधी कारखाना," ते म्हणाले. "बाकीचं नंतर."

जिनिंगमध्ये ते तासभर होते, सोबत चौधरी सर आणि मी. दमेकरी माणूस, रुईची धूळ, नाकाला रुमाल. नानांनी शाफ्ट थांबवून दाखवला, पिशवी दाखवली, बाया मोजून दाखवल्या. साहेबांनी पिशवी हातात घेऊन पाहिली आणि परत नानांच्या गळ्यात घातली. बाहेर येऊन ते पोत्यावर बसले, दोन घोट पाणी प्यायले.

"मुकादम, शून्य मी मागे घेतो. तुम्हाला सात."

नानांनी विचार केला. "तीन कसाले कापात?"

"काठीचे."

"बरोबर शे," नाना म्हणाले.

मग साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, "मी सात वर्षं हे उत्तर तपासतोय. सगळ्यांना दहा देतोय. मला वाटत होतं, खानदेशात फार शिस्तीचे कारखाने आहेत." त्यांना हसायचं होतं, खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी माझा जुना फॉर्म काढला. पिवळा पडलेला. जो पाकिटातून येईल म्हणून मी इतकी वर्षं भ्यालो, तो असा पोत्यावर उघड्यावर आला. त्यांनी पेन दिलं. "तुमच्या हाताने दुरुस्त करा." मी खोडलं, सातवी पास लिहिलं, सही केली. "प्रमाणपत्र मला परत घ्यावं लागेल. अट ती अट. नोकरीचं चौधरींनी बघावं."

चौधरी सर लगेच म्हणाले, "पार्सलं उचलायला कुठे दहावी लागते?" आणि विषय संपला. माझ्यापुरता तरी संपला. त्या रात्री मी असा झोपलो की सकाळी अक्कांनी दार वाजवलं.

पुढे मी त्या केंद्रावर आणखी अकरा वर्षं होतो. दहावीला बसावं असं दरवर्षी ठरवलं आणि दरवर्षी राहिलं. तेवढी एक खंत आहे. पाचव्या पाठातला चौथा प्रश्न मात्र त्या वर्षीच बदलला. नवा प्रश्न असा: "तुमच्या यंत्रात माल अडकल्यास तुम्ही खरोखर काय करता? ते का थांबवता येत नाही?" पहिल्या वर्षी उत्तरं इतकी भयंकर आली की साहेबांनी चिठ्ठी पाठवली: आता कुठे अभ्यासक्रम सुरू झाला.

नानांचं प्रमाणपत्र उन्हाळ्यात आलं. शेठनी ते काचेत घालून ऑफिसात लावलं, पाहुण्यांना दाखवायला. दसऱ्याला नानांनी मला मुहूर्ताला बोलावलं. मी आपट्याची पानं खिशात घालून गेलो. मशीनला हार, शाफ्टच्या खड्ड्यापाशी नारळ, गुलाल. पहिली गाडी आत आली, मोटर सुरू झाली, चोवीस मशीन बोलायला लागल्या. शेठ आणि त्यांचे व्याही खुर्च्या टाकून बसलेले. नाना मोटरच्या खोलीच्या दाराशी.

अर्ध्या तासाने नऊ नंबर अडकलं. गाडीवरच्या हाराची सुतळी कापसातून आत गेली होती. रोलर धूर सोडायला लागला. जनाक्काने मागे पाहिलं. काठी भिंतीशी टेकवलेली होती, शेजारच्या बाईने ती तिच्याकडे सरकवलीही.

नाना आत गेले आणि शाफ्ट थांबला.

असा मोठा आवाज एकदम बंद झाला की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शेठ उठून उभे राहिले. "नाना," ते म्हणाले, "आज?"

नाना बाहेर आले. फ्यूजची पिशवी गळ्यात. "शेठ, तुम्हीच म्हणाला होता. कागद आणा, मुहूर्तालासुद्धा तुमचा शब्द."

"मी गमतीत म्हणालो होतो."

"मी नही."

शेठनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही छताकडे बघत होते. शेठ खुर्चीत बसले आणि कुणाला तरी चहा आणायला सांगितलं. वर्ष वाईट जाणार असं कुणीतरी मागे पुटपुटलं, पण हळू.

सगळ्यांच्या नजरा आता नऊ नंबरवर. जनाक्का दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. तिने थांबलेल्या रोलरकडे पाहिलं, मग नानांकडे.

"नाना, आते घालू का हात?"

"आते घाल," नाना म्हणाले.

तिने बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला.